पान्याला न दिसणारा ताण

चाळीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेबारा किलोचा जोर लावला, की दुसऱ्या टोकाला सुमारे ५० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. शाळकरी मुलालाही एवढा जोर जमतो. पण त्या पान्यात दहा मिलिमीटर जाडीचा, ८.८ वर्गाचा साधा पोलादी बोल्ट असेल, तर तेवढ्याशा जोराने बोल्टच्या दांड्यात पावणेतीन टनांच्या आसपास ताण उतरतो. इंजिनाच्या हेडला असे दहा बोल्ट असले, तर एकट्या माणसाने फारसा घाम न गाळता हेड आणि ब्लॉक यांना सत्तावीस-अठ्ठावीस टनांच्या पकडीत आणलेले असते. या टनांची जाणीव हाताला होत नाही आणि डोळ्यालाही काही दिसत नाही. टॉर्क रेंच या हत्याराचे काम म्हणजे त्या न दिसणाऱ्या ताणाचा अंदाज बांधणे. तो अंदाज किती गोष्टींवर अवलंबून असतो, हे मात्र रेंचच्या दांड्यावर कोरलेले आकडे सांगत नाहीत.

बोल्टकडे बहुतेक जण खिळ्याचा थोरला भाऊ म्हणून पाहतात. तो भोकात बसला आणि हलेनासा झाला, की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट ही ताणून धरलेली स्प्रिंग असते. ८.८ या खुणेतला पहिला आकडा सांगतो, की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ओढ सोसते. दुसरा सांगतो, की त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० न्यूटनला, ते कायमचे लांबायला लागते. त्या मर्यादेच्या पाऊण हिश्शापर्यंत बोल्ट ताणला, तर शंभर मिलिमीटर लांबीचा दांडा जेमतेम पाव मिलिमीटर लांबतो. ही पाव मिलिमीटरची वाढ पुन्हा आक्रसू पाहते, आणि त्या आक्रसण्याच्या ओढीतच हेडची सगळी पकड असते.

ही पकड कशासाठी लागते, ते सिलिंडरच्या आत डोकावले की कळते. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटून दाब १०० बारपर्यंत चढला, तर हेड पाच टनांच्या जोराने वर ढकलले जाते. आजच्या टर्बो डिझेल इंजिनांत हा दाब याहूनही वर जातो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये असते ती एक पातळ गॅसकेट. तिच्या एका बाजूला पेटलेला वायू, दुसऱ्या बाजूला थंड करणारे पाणी आणि तिसरीकडे दाबाखालचे तेल. तिघांना एकमेकांत मिसळू न देणे हे तिचे काम, आणि चहूकडून सारखी दाबलेली असेल तरच तिला ते जमते. एक बोल्ट ढिला राहिला तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, किंवा तेलात पाणी उतरून त्याचा रंग दुधाळ होतो. मिस्त्री एवढेच म्हणतो, ‘हेड गॅसकेट गेली.’

अशा वेळी कोणालाही वाटते, की मग जरा जास्तच आवळलेले बरे. जास्त आवळण्याचे तोटे सहज समजतात. आटे मरतात, बोल्ट तुटतो, ॲल्युमिनियमचे हेड वाकते. पण कमी आवळलेला बोल्टही तुटतो, आणि तोच अनेकदा आधी तुटतो. नीट ताणलेल्या बोल्टवर बाहेरून धक्का आला, तर त्याचा बराचसा भाग दाबलेले हेड आणि ब्लॉकच सोसतात. बोल्टमधला ताण थोडासाच वरखाली होतो. ढिल्या बोल्टला मात्र प्रत्येक धक्का पुरता अंगावर घ्यावा लागतो. तो ताणला जातो, सुटतो, पुन्हा ताणला जातो. पोलाद एका मोठ्या ओढीला दाद देणार नाही, पण अशा लाखो लहान ओढींनी त्यात बारीक तडा पडतो आणि वाढत जातो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट याच कारणाने तुटतात. पिस्टन वर पोचून उलट फिरताना रॉडला आणि तिच्या झाकणाला एकमेकांपासून ओढतो. बोल्टमधला ताण त्या ओढीपेक्षा जास्त असेल तरच जोड बंद राहतो. बोल्ट तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येते.

ढिलेपणाला आणखी एक बाजू असते. १९६९ साली जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने प्रयोग करून दाखवले, की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या दिशेच्या हादऱ्यांनी बोल्ट फार लवकर सुटतो. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की आट्यांमधली पकड क्षणभर निसटते आणि नट स्वतःच उलटा फिरायला लागतो. हे सरकणे थांबवणारी मुख्य गोष्ट म्हणजे पुन्हा तो ताणच. स्प्रिंग वॉशर घातला म्हणजे निश्चिंत झालो, हा गॅरेजातला जुना विश्वास या प्रयोगापुढे टिकला नाही.

एवढ्या महत्त्वाचा ताण सरळ मोजता आला असता तर प्रश्नच नव्हता. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट आरपार असेल, तर त्याची दोन्ही टोके हाताला लागतात. म्हणून शर्यतीची इंजिने बांधणारे मायक्रोमीटरने आवळण्याआधीची आणि नंतरची लांबी मोजतात आणि बोल्ट नेमका किती ताणला ते पाहतात. हेडच्या बोल्टचे खालचे टोक मात्र ब्लॉकच्या बंद भोकात असते. तिथे माप घुसत नाही. मग पान्यावरचा पीळ मोजायचा आणि त्यावरून ताण ओळखायचा, एवढाच मार्ग उरतो.

अडचण इथेच आहे. पान्यावर लावलेल्या पिळाचा मोठा भाग ताणापर्यंत पोचतच नाही. ढोबळ हिशेब असा, की निम्मा पीळ बोल्टच्या डोक्याखाली, वॉशरवर घासण्यात जातो. आणखी चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतात दहा टक्के. रुपयातले नव्वद पैसे घर्षण खाणार असेल, तर घर्षणात थोडा फरक पडला तरी उरलेल्या दहा पैशांत मोठा फरक पडतो. अभियंते यासाठी एक साधे सूत्र वापरतात: पीळ म्हणजे बोल्टची जाडी, त्यातला ताण आणि घर्षणाचा एक गुणक यांचा गुणाकार. कोरड्या पोलादी बोल्टसाठी हा गुणक साधारण ०.२० धरतात, तेल लावलेल्या बोल्टसाठी ०.१५ च्या आसपास. कोरड्या बोल्टसाठी ठरवलेला पीळ कोणी तेल लावलेल्या बोल्टला दिला, तर ताण एक तृतीयांशाने वाढतो. दर चौरस मिलिमीटरला ४८० न्यूटनवर थांबायला हवा होता तो बोल्ट थेट ६४० वर जातो, म्हणजे ज्या मर्यादेला पोलाद कायमचे लांबते तिच्यावर. रेंचने दोन्ही वेळा तोच आकडा दाखवलेला असतो आणि दोन्ही वेळा तो खराच असतो.

म्हणून पुस्तिकेत ‘आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावा’ असे लिहिले असेल, तर ते ओळीत भर म्हणून लिहिलेले नसते. पुढे दिलेला आकडा तेल धरूनच काढलेला असतो. तेल लावू नका म्हटले असेल, तर तेही तितक्याच गांभीर्याने म्हटलेले असते. गंजलेले आटे, भोकात उरलेला जुन्या गॅसकेटचा कचरा, आट्यांना चिकटलेले सीलंट, यांतली प्रत्येक गोष्ट पिळातला आपला वाटा कापून घेते. मग ठरलेला पीळ झाला म्हणून रेंच ‘टक’ म्हणतो, पण बोल्ट ताणलेला नसतो. बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेले असेल तर प्रकार आणखी वाईट. द्रव दाबला जात नाही. वरून बोल्ट उतरू लागला की खालच्या द्रवावर प्रचंड दाब येतो. एकतर रेंच खोटी ग्वाही देतो किंवा ब्लॉकलाच तडा जातो. अनुभवी मिस्त्री हेड बसवण्याआधी प्रत्येक भोकात हवेची नळी धरतो, आट्यांवरून टॅप फिरवतो, फडक्याने भोके कोरडी करतो. बाहेरून बघणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात हेडचे अर्धे आवळणे या साफसफाईतच होऊन जाते.

टॉर्क रेंचच्या शोधाचे श्रेय साधारणपणे कॉनराड बार यांना दिले जाते. ते न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात काम करत, आणि १९१८ च्या सुमारास त्यांनी हे हत्यार बनवले असे सांगतात. रस्त्याखालच्या मोठ्या नळांचे फ्लँज जोडताना कामगार बोल्ट नको तितके आवळत, आणि जोड तडकत किंवा गळत. पुढे १९३७ मध्ये त्यांना आणि जॉर्ज फेफर्ले यांना या हत्याराचे पेटंट मिळाले. दरम्यान क्रायस्लर कंपनीनेही इंजिनांसाठी असा रेंच विकसित केला आणि तो बनवून विकण्याचा परवाना पॉल स्टर्टेव्हंट यांना दिला. सुरुवातीचे हे रेंच अगदी साधे होते. जाड दांडा वाकतो, शेजारची बारीक सळई सरळ राहते, आणि दोघांमधले अंतर पट्टीवर वाचायचे. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसल्याने असे रेंच आजही काही ठिकाणी निष्ठेने वापरले जातात. ‘टक’ असा आवाज करणारा रेंच त्यानंतरचा. त्यात दांड्याच्या आत स्प्रिंग असते. मूठ फिरवून ती हवी तेवढी दाबायची. पीळ तिच्या दाबाला पोचला, की आतला भाग निसटतो आणि हाताला झटका बसतो.

जुन्या मिस्त्रींना या रेंचचे कौतुक पटकन वाटत नाही, आणि त्यांच्या बाजूने बोलणारा एक आकडाही आहे. बोल्टच्या ताणाविषयीच्या तांत्रिक पुस्तकांत एक तक्ता पुन्हापुन्हा भेटतो. नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळले तर ताणात ३५ टक्क्यांपर्यंत कमीजास्त होते. टॉर्क रेंचने आवळले तर २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे सरावलेला हात यंत्राच्या फारसा मागे नाही. पण हाताची चूक एका ठरावीक दिशेने जाते. लहान बोल्ट माणूस हमखास जास्त आवळतो, मोठा बोल्ट हमखास कमी. दुपारी चारचा हात सकाळी दहासारखा राहत नाही. पाना लांब असेल तर अंदाज बदलतो, गाडीखाली झोपून आवळायचे असेल तर पुन्हा बदलतो. दहा बोल्ट एकसारखे ताणणे ही हेडची खरी गरज असते, आणि हात कितीही तयार असला तरी तिथे कमी पडतो. रेंचच्या २५ टक्क्यांकडे मात्र दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगला रेंच पिळात फक्त ४ टक्के चुकू शकतो. उरलेली चूक त्याच्या पोटातून येत नाही. ती घर्षणातून येते, म्हणजे साफसफाईतून, तेलातून, वॉशरच्या पृष्ठभागातून. ती कमी करणे पुन्हा मिस्त्रीच्याच हातात असते.

रेंचचा आवाज आला म्हणजे काम बरोबर झाले, या समजुतीची किंमत १० जून १९९० रोजी फार मोठी ठरली असती. ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले होते. १७,३०० फुटांवर असताना कॅप्टन टिम लँकास्टर यांच्या समोरची काच उडून गेली आणि ते कमरेपर्यंत विमानाबाहेर खेचले गेले. विमान सेवक नायजेल ऑग्डन यांनी त्यांना घट्ट धरून ठेवले. सहवैमानिक अॅलिस्टर अॅचिसन यांनी सुमारे वीस मिनिटांत विमान साउथहॅम्प्टनला उतरवले. लँकास्टर वाचले, आणि विमानातले बाकी सगळेही. चौकशीत निघाले ते असे: उड्डाणाच्या आदल्या दिवशी पहाटे ती काच बदलली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ हवे होते त्याहून सुमारे ०.६६ मिलिमीटर बारीक होते, आणि बाकीचे ६ जाडीला बरोबर पण लांबीला आखूड.

काच बसवणारा माणूस अनुभवी होता. रात्रपाळीत मनुष्यबळ कमी होते आणि काम त्याने स्वतःकडे घेतले. नवे बोल्ट त्याने यादीतल्या क्रमांकावरून शोधले नाहीत. जुन्याशेजारी धरून, कमी उजेडात, नजरेने जुळवले. आवळायला त्याने ठरावीक पिळावर निसटणारा स्क्रू-ड्रायव्हर वापरला होता, म्हणजे मोजमाप टाळलेले नव्हते. अवघडून, हात लांब करून काम करताना हाताला बसणारा झटका हत्यार निसटल्याचा आहे की बारीक बोल्टचे आटे घसरल्याचा, हे ओळखणे अवघड होते. काच बाहेरून बसवलेली असल्याने केबिनमधला सगळा दाब त्या बोल्टांवरच येत होता. पीळ मोजणाऱ्या हत्याराला फक्त पीळ कळतो. समोर कोणता बोल्ट आहे, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते.

बोल्ट योग्य, आटे स्वच्छ, तेल सांगितल्याप्रमाणे, हे सगळे जमल्यावरही क्रमाचा प्रश्न उरतो. हेडचे बोल्ट एका टोकापासून ओळीने आवळत गेले, तर गॅसकेट पुढे ढकलली जाते आणि दुसऱ्या टोकाला फुगवटा राहतो. म्हणून मधल्या बोल्टपासून सुरुवात करून नागमोडी बाहेर जायचे असते. तेही एका फेरीत नाही. पहिल्या फेरीत सगळे थोडे, दुसरीत आणखी, शेवटच्या फेरीत पूर्ण. चाकाच्या नटांना एकाआड एक, समोरासमोर आवळायचे असते. तबला सुरात लावणारा वादक गजऱ्यावर एका घराला हातोडी दिली, की शेजारच्या घराकडे न जाता समोरच्या घराकडे जातो, कारण एकाच बाजूने चढवत गेले तर पुडी तिरकी ओढली जाते. हेड आणि चाक यांनाही हीच सावधगिरी हवी असते. एका बोल्टचा ताण वाढला, की शेजारच्याचा कमी होतो. सगळ्यांना एकमेकांशी जुळवत न्यावे लागते.

गेल्या काही दशकांत इंजिन बांधणाऱ्यांनी घर्षणाच्या कटकटीतून एक वाट काढली. आता बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हेडच्या बोल्टसाठी एकच आकडा नसतो. ‘४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश’ अशा धर्तीची सूचना असते. पहिल्या आकड्याने बोल्ट टेकतो, सगळे भाग एकमेकांवर बसतात. त्यानंतर पिळाकडे पाहायचेच नाही, कोन मोजायचा. दहा मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्याचा पल्ला दीड मिलिमीटर असेल, तर पाव फेऱ्यात बोल्ट ०.३७५ मिलिमीटर पुढे जातो. घर्षण जास्त असो की कमी, हे अंतर बदलत नाही. असे बोल्ट मुद्दाम पोलादाच्या लवण्याच्या मर्यादेपर्यंत, किंवा तिच्या जरा पलीकडे नेतात. त्या टप्प्यावर बोल्ट आणखी थोडा फिरला तरी ताण फारसा वाढत नाही. त्यामुळे दहाही बोल्ट जवळजवळ एकाच ताणावर येऊन थांबतात.

याची किंमत एवढीच, की असा बोल्ट एकदा कायमचा लांबलेला असतो. तो पुन्हा वापरला, तर दुसऱ्या वेळी तो कुठपर्यंत जाईल याचा भरवसा नसतो. काही कंपन्या बोल्टची जास्तीत जास्त लांबी देतात. मोजून तिच्या आत असेल तर तो पुन्हा चालतो. बाकी ठिकाणी नवीनच लावायचा असतो. ‘जुना चांगला दिसतोय की’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण बिघाड दिसण्याच्या पलीकडे झालेला असतो.

रेंच स्वतःही काळजी मागतो. पकडायची जागा मुठीच्या मधोमध असते. पुढे-मागे धरले तर काही रेंचांचा आकडा बदलतो. ओढ संथ आणि सलग हवी. झटका दिला तर स्प्रिंग निसटण्याआधीच बोल्ट पुढे गेलेला असतो. ‘टक’ झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा एकदा ‘टक’ करण्याची सवय बोल्टवर अनावश्यक भर घालते. गंजलेला बोल्ट सोडायला रेंच वापरला, तर आतली स्प्रिंग बिघडते. काम झाले की स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायची असते. आधीच आवळलेला बोल्ट तपासायला रेंच लावणे ही आणखी एक फसवी खात्री. बोल्ट गरजेपेक्षा दुप्पट आवळलेला असला, तरी रेंच न हलता ‘टक’ म्हणतोच. त्या आवाजाचा अर्थ ‘यापेक्षा कमी नाही’ एवढाच. ‘यापेक्षा जास्त नाही’ हे तो सांगू शकत नाही.

एककांचाही घोळ आहे. जुन्या भारतीय पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर, अमेरिकन पुस्तिकांत पाउंड-फूट आणि आताच्या पुस्तिकांत न्यूटन-मीटर. ६० पाउंड-फूट म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. एकाच रेंचवर दोन पट्ट्या असतात आणि चुकीची पट्टी वाचायला क्षण पुरतो. रेंच वर्षाला एकदा किंवा साधारण ५,००० वेळा वापरल्यावर तपासून घ्यावा, अशी शिफारस आहे. तो तपासणारी प्रयोगशाळा आपली उपकरणे आणखी अचूक उपकरणांवर तपासून घेते. भारतात ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते.

चाकण परिसरातल्या वाहन कारखान्यांत, जिथे जुळणीची रांग दिवसरात्र चालते, तिथे हे सगळे विजेवर चालणारे आवळणी-यंत्र पाहते. पीळही मोजते, कोनही मोजते, दोन्हींचा आलेख बांधते. आलेख ठरलेल्या चौकटीबाहेर गेला तर लाल दिवा लागतो आणि गाडी पुढे जात नाही. कोणत्या इंजिनाचा कोणता बोल्ट किती फिरला याची नोंद राहते. महाराष्ट्रात इंजिन बांधण्याची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरांनी ऑइल इंजिनांची ओतकामे आणि यंत्रकामे केली, आणि ती इंजिने विहिरीच्या काठावर वर्षानुवर्षे पाणी उपसत राहिली. कारखान्यातला लाल दिवा मात्र गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंतच सोबत करतो. त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती कोणा तरी माणसाच्या हातात असते.

त्यातल्या काही जागा अगदी रोजच्या आहेत. दुचाकीचे तेल बदलताना खालचा नट पोलादी आणि खोका ॲल्युमिनियमचा. दर वेळी ‘थोडा अजून’ म्हणत आवळला, की दोन-चार वर्षांत ॲल्युमिनियमचे आटे मरतात. मग भोक मोठे करून त्यात नवीन आट्यांची तार बसवावी लागते. चाकांचे नट हवेच्या बंदुकीने दणादण बसवले जातात. बंदूक किती पीळ देते ते हवेच्या दाबावर, तिच्या झिजेवर आणि ती किती सेकंद धरली यावर ठरते. मग महामार्गावर रात्री स्टेपनी लावायला निघालेल्या माणसाला डिकीतल्या छोट्या पान्याने नट हलवता येत नाही. काहींना त्या पान्यावर उभे राहावे लागते. बंदुकीने नुसते टेकवून शेवटचा पीळ रेंचने द्यायचा, आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचा, ही रीत टायरच्या दुकानात रुळायला हवी. त्याला दोन मिनिटे लागतात.

हेडचे काम असेल, तर मालकाने मिस्त्रीला काही प्रश्न विचारायला संकोचू नये. बोल्ट नवे लागणार का जुने चालतील? आट्यांना तेल लावायचे का कोरडे ठेवायचे? किती फेऱ्यांत आवळणार, आणि शेवटी पीळ की कोन? हे प्रश्न त्याच्या हातावर शंका घेणारे नाहीत. त्याच्या हाताची खरी कसोटी ज्या जागी असते, तिथलेच ते आहेत. उद्यमनगरातला एखादा जाणता मिस्त्री असे प्रश्न ऐकून रागावणार नाही. उलट तोच सांगेल, ‘मालक, बोल्ट नवीन आणा. हे ताणल्यात, मी लावणार न्हाई.’ त्यासाठी गाडी अर्धा दिवस उशिरा मिळाली, तर तो अर्धा दिवस आनंदाने द्यावा. भोके कोरडी करायला, आटे पुसायला आणि दहा बोल्ट मधून बाहेर, फेरीमागून फेरी फिरवायला तेवढा वेळ लागतोच.